पंचवीस मिनिटांचं पाणी

भिंतीत फिरणाऱ्या ड्रिलचा आवाज एकाएकी बदलला. विटेत शिरताना तो खरखरीत असतो, तो क्षणभर पोकळ झाला. कारागिराने मशीन बाहेर ओढलं आणि भिंतीतून पाण्याची धार थेट पलंगावर आली. त्याने अंगठा भोकावर दाबला. ‘‘ताई, मेन कॉक कुठंय?’’

मला नक्की माहीत नव्हतं. अकरा वर्षं त्या घरात राहून माहीत नव्हतं.

नवरात्रातली पाचवी माळ होती. दिवाळीच्या आत घराला रंग द्यायचा होता, आणि रंगाच्या आधी भिंतीतली सगळी ठोकाठोक उरकून घ्यावी लागते. म्हणून सकाळी पुण्यातल्या वारज्याच्या मजूर अड्ड्यावरून मी एक कारागीर घेऊन आले होते. काम लहानसं होतं. बेडरूमच्या भिंतीवर पुस्तकांची मांडणी बसवायची आणि पडद्यांच्या दोन दांड्या. ६०० रुपये ठरले. मांडणी कुठे हवी ते मी बोट ठेवून दाखवलं, पेन्सिलीची खूणही मीच केली. भिंतीच्या पलीकडे न्हाणीघर आहे हे मला ठाऊक होतं. ती भिंत चारच इंचांची आहे आणि शॉवरची नळी तिच्या पोटातून जाते, हे ठाऊक नव्हतं.

न्हाणीघरात गीझरखाली दोन कॉक होते. एक फिरला, पण तो गरम पाण्याचा. दुसरा कित्येक वर्षांत कुणी हलवलाच नव्हता, तो जाम झालेला. गच्चीवर आमच्या लाइनीचा व्हॉल्व्ह होता, पण गच्चीला कुलूप, किल्ली वॉचमनकडे आणि वॉचमन जेवायला गेलेला. मी जिने चढत-उतरत राहिले. व्हॉल्व्ह बंद करून खाली आले तेव्हा २५ मिनिटं उलटली होती. तेवढा वेळ तो माणूस भोकावर अंगठा दाबून तसाच उभा होता. डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला. अंगठ्याच्या कडेने पाणी उडतच होतं, आणि खोलीभर साचलेलं पाणी स्लॅबमधल्या विजेच्या नळ्यांतून वाट काढत खालच्या घरात उतरत होतं.

खालच्या मजल्यावर निवृत्त काका-काकू राहतात. त्यांच्या बेडरूममध्ये पंख्याच्या हुकातून पाणी गळत होतं. पीओपीचं छत फुगून एका कोपऱ्यात खाली आलं होतं. लाकडी कपाटाची पाठ भिजली होती आणि कपाटात, खालच्या कप्प्यात, त्यांच्या लग्नाचा अल्बम होता. काळ्या जाड कागदावर कोपऱ्यांत खोचलेले कृष्णधवल फोटो एकमेकांना चिकटलेले. काकूंनी अल्बम मांडीवर घेतला होता आणि त्या काही बोलत नव्हत्या.

पुढच्या दोन दिवसांत हिशेब आला. छत आणि खोलीचा रंग २२,००० रुपये, कपाटाची पाठ आणि फळ्या ९,०००, माझी टाइल फोडून नळी जोडणं ४,५००. एकूण ३५,५०० रुपये. अल्बमची किंमत कुणी काढली नाही.

पहिल्याच दिवशी संध्याकाळी दारात माणसं जमली. मजूर काही मोडतो तेव्हा सोसायटीत जे बोललं जातं ते सगळं बोललं गेलं. मशीन ठेवून घ्या. आधार कार्ड ठेवून घ्या. चौकीत नेऊन बसवा, घरचे पैसे घेऊन येतील. तो जिन्याच्या कठड्याला टेकून ओल्या कपड्यांत उभा होता. म्हणाला, ‘‘मशीन ठेवा ताई. पन ते भाड्याचं हाय. दिवसाला दीडशे. उद्या परत दिलं न्हाई तर दुकानदार डिपॉझिट देत न्हाई.’’

मशीन मी ठेवून घेतलं नाही. पण त्याचे ६०० रुपयेही दिले नाहीत. ‘‘उद्या बघू,’’ म्हणाले. तो गेला. रात्री ओल्या गाद्या उभ्या करताना मला आठवलं की सकाळी दोन्ही दांड्या त्याने बसवल्या होत्या, अगदी पाणसळीत, आणि त्या कामाचे पैसे माझ्या पर्समध्ये होते. हा लेख त्या रात्रीपासून सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी मी वकिली करणाऱ्या एका मैत्रिणीकडे गेले. माझा प्रश्न सरळ होता : हे पैसे कोणी द्यायचे?

काका-काकूंच्या बाबतीत तिला विचारही करावा लागला नाही. त्यांचा त्या मजुराशी काही संबंध नाही. त्यांच्या डोक्यावर जे पाणी आलं ते माझ्या घरातून आलं. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार घराच्या आतल्या नळांची, न्हाणीघराची, मोरीची दुरुस्ती सभासदाने स्वखर्चाने करायची असते, आणि त्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर लोक त्याच सभासदाच्या दारात येतात. मी मजुराकडून वसूल करू शकले वा न शकले, त्यासाठी काकूंनी थांबायचं कारण नव्हतं.

मग मी आणि तो. इथे कायद्याला आधी हे ठरवावं लागतं की तो माझा नोकर होता की स्वतंत्र कारागीर. नोकराच्या कामातल्या चुकीला मालक जबाबदार धरला जातो. स्वतंत्रपणे काम अंगावर घेणाऱ्या कंत्राटदाराच्या चुकीला काम देणारा सहसा जबाबदार नसतो. ही रेघ कुठे मारायची यावर आपल्या न्यायालयांनी बराच खल केला आहे. सौराष्ट्रातल्या ध्रांगध्रा केमिकल वर्क्सच्या मिठागरांत काम करणारे अगरिये कामगार आहेत की स्वतंत्र धंदेवाले, हा प्रश्न १९५०च्या दशकात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. काम कसं करायचं हे सांगण्याचा अधिकार कोणाकडे आहे, ही कसोटी न्यायालयाने महत्त्वाची मानली. अगरिये आपली कुटुंबं आणि मदतीची माणसं घेऊन राबत, तरी ते कामगारच ठरले.

माझ्या भिंतीपुढे ही कसोटी लावली तर? ड्रिल त्याचं, म्हणजे भाड्याचं. कसब त्याचं. पण ‘इथेच’ म्हणून बोट ठेवलं ते मी. त्याने विचारलंही होतं, ‘‘पलीकडं काय हाय?’’ मी ‘‘बाथरूम, पण नळ त्या बाजूच्या भिंतीला आहेत’’ असं खात्रीने सांगितलं होतं. शॉवर या भिंतीला आहे हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

मैत्रिणीने मग भारतीय करार कायद्याचं कलम ७३ काढलं. कायदा १८७२चा. करार मोडल्याने स्वाभाविकपणे जे नुकसान होतं त्याची भरपाई मागता येते, असं ते कलम सांगतं. त्याखाली एक स्पष्टीकरण आहे आणि ते मी दोनदा वाचलं. नुकसान मोजताना, ते टाळण्याची किंवा आटोक्यात आणण्याची जी साधनं हाताशी होती तीही विचारात घ्यायची. माझ्या डोळ्यांपुढे तो जाम कॉक आला. दोन मिनिटांत पाणी बंद झालं असतं तर पलंग भिजला असता आणि माझी टाइल फुटली असती, बस. काकूंचं छत, कपाट, अल्बम हे सगळं उरलेल्या २३ मिनिटांचं पाणी. भोक त्याने पाडलं. २३ मिनिटं माझी, सोसायटीची आणि कुलपाची होती.

कुणी म्हणेल, हा वकिली कीस आहे. मला तो तसा वाटत नाही. घरात काही मोडलं की आपण शेवटचा हात कोणाचा लागला ते बघतो आणि तिथेच थांबतो. वस्तू कशी ठेवली होती, घाई कोणी केली, माहिती कोणी दिली नाही, हे मागे जाऊन बघत नाही. तो शेवटचा हात बहुतेक वेळा सर्वांत कमी पैसे मिळवणाऱ्याचा असतो.

चौकीत बसवण्याबद्दलही मी विचारलं. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत मालमत्तेच्या नुकसानीचा गुन्हा ‘आगळीक’ या नावाने कलम ३२४मध्ये आहे. पण त्यासाठी नुकसान करायचा हेतू लागतो किंवा ते होण्याचा संभव आहे याची जाणीव लागते. हातून झालेली चूक हा गुन्हा नाही, तो दिवाणी मामला आहे. उलट मजुराला खोलीत अडकवून ठेवणं, धमकी देऊन पैसे काढणं, त्याची अवजारं काढून घेणं, यांत गुन्हा घडू शकतो आणि तो घरमालकाच्या हातून. दारात जमलेल्यांपैकी हे कोणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

आणि दिवाणी दावा लावून जिंकलाच, तर? १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० डिक्रीपोटी काय जप्त करता येत नाही ते सांगतं. ऋणकोचे, त्याच्या बायकोचे आणि मुलांचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण. कारागिराची हत्यारं. मजुराची आणि घरकामगाराची मजुरी, मग ती पैशात असो वा वस्तूत. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, परक्या राज्यात, हा मजकूर लिहिणाऱ्याने ओळखलं होतं की माणसाकडून त्याचं काम करायचं साधनच काढून घेतलं तर तो कधीच काही फेडू शकणार नाही. आमच्या जिन्यात सगळ्यात आधी जे मागितलं गेलं होतं तेच, मशीन.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मी अड्ड्यावर गेले. ६०० रुपये द्यायचे होते. तो भेटला नाही, पण मी तिथे बसले, आणि मग आठवडाभर जात राहिले.

पुण्यात अड्डा म्हणतात, मुंबई-ठाण्याकडे नाका, नागपुराकडे ठिय्या. सगळीकडे दृश्य एकच. सातपासून माणसं जमतात. गवंड्याच्या पिशवीतून थापी आणि ओळंबा डोकावतो, रंगाऱ्याच्या हातात ब्रश आणि पत्र्याची पट्टी, बिगाऱ्याकडे घमेलं-फावडं किंवा नुसते हात. मराठवाड्यातले पुष्कळ, सोलापूरकडचे, कर्नाटकातले, उत्तरेतले. गाडी थांबली की तिच्याभोवती कडं होतं, दर ठरतो आणि दोघं-तिघं मागे बसून निघून जातात. साडेदहानंतर जे उरतात त्यांचा तो दिवस गेला. घरमालक त्यांचं नाव विचारत नाही आणि ते पत्ता विचारत नाहीत.

मी एकच गोष्ट विचारत होते. कामावर काही मोडलं तर काय होतं?

आधी कोणी बोलत नव्हतं. मग एक वयस्क फरशीवाला म्हणाला, ‘‘मोडलं की पळायचं. नवीन पोरांना आम्ही हेच सांगतो. हत्यार उचल आणि चल. थांबलास तर हजेरी जाती आणि वर शिव्या.’’ भोवतालचे हसले नाहीत. हे ते अनुभवाने बोलत होते. मला माझा माणूस आठवला. तो पळाला नव्हता, २५ मिनिटं भोकावर अंगठा धरून उभा होता. त्याबद्दल मी त्याची मजुरी अडकवली होती.

मग गोष्टी निघाल्या. त्या सगळ्यांत एक बाब सारखी होती : काम करणाऱ्याला जे माहीत असायला हवं होतं ते कोणीतरी त्याला सांगितलं नव्हतं. एकाने रंगकामानंतर फरशीवरचे डाग काढायला ॲसिड वापरलं. सिरॅमिक टाइलवर ते चालतं. ही फरशी संगमरवराची होती. संगमरवर, कोटा, शहाबाद हे सगळे चुन्याच्या कुळातले दगड, ॲसिड पडताच फसफसतात आणि त्यांची चकाकी कायमची जाते. ॲसिडची बाटली घरमालकाने स्वतः आणून दिली होती. पैसे मात्र रंगाऱ्याचे कापले. दुसऱ्याने गॅलरीची जाळी बसवताना ग्राइंडर चालवला. ठिणग्या म्हणजे लोखंडाचे तापलेले कण, ते काचेत रुतून बसतात आणि चार दिवसांनी गंजून तांबडे ठिपके उमटतात. खाली उभ्या असलेल्या मोटारीची पुढची काच तशी खराब झाली. एक ओलं गोणपाट आडवं टांगलं असतं तर काहीच झालं नसतं. पण गोणपाट आणायचं कोणी, हे ठरलं नव्हतं.

सगळ्यात मोठं नुकसान एका वायरमनच्या मदतनिसाने सांगितलं. इमारतीच्या मीटरच्या खोलीत साफसफाई करताना न्यूट्रलची तार सुटली. तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रल तुटला की घराघरांत २३० व्होल्टच्या जागी ४००च्या जवळपास दाब चढू शकतो, ज्या फेजवर भार कमी तिथे जास्त. तीन मजल्यांवरचे टीव्ही, फ्रिज, वायफायचे डबे मिनिटभरात गेले. मुकादमाने हात वर केले आणि मदतनिसाला सांगितलं, गावाला जा. तो दीड महिना गावात बसून राहिला. त्या इमारतीतल्या लोकांनी आपापल्या वस्तू आपापल्या पैशांनी घेतल्या.

अड्ड्यावर बायका थोड्या असतात. त्यांतली एक पूर्वी घरकाम करायची. तिच्या हातून इंडक्शन शेगडीची काच फुटली. महिना ३०० असे वर्षभर कापले गेले, म्हणजे ३,६०० रुपये. शेगडी किती वर्षं वापरलेली होती, विचारलं. ‘‘मी लागले तवापासून होती. सात वर्षं.’’ विमा कंपनी दावा मंजूर करताना घसारा वजा करते. सात वर्षं वापरलेल्या शेगडीची किंमत नव्या शेगडीएवढी धरता येत नाही, हे कोणताही सर्व्हेयर सांगेल. तिने नव्या शेगडीचे पैसे भरले. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला, त्यानंतर पगारी सुट्टीची आणि पगारवाढीची भाषा या शहरातल्या घरांनी थोडीफार शिकून घेतली. २००८मध्ये राज्यात घरकामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदाही झाला. फुटलेल्या वस्तूचे पैसे कसे मोजायचे, याची मात्र अजून कुठलीही रीत पडलेली नाही.

कारखान्यासाठी ती रीत केव्हाच ठरलेली आहे. १९३६च्या वेतन प्रदान कायद्यात ती होती आणि आता २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही ती आहे. कामगाराच्या ताब्यात स्पष्टपणे दिलेली वस्तू त्याच्याच हयगयीने बिघडली असेल तरच कपात. कपात नुकसानापेक्षा जास्त नको. कापण्याआधी त्याला आपलं म्हणणं मांडू द्यायचं. साधारणपणे पगाराच्या निम्म्याहून अधिक कापायचं नाही. हा कायदा आस्थापनांसाठी आहे, माझ्या बेडरूमला तो लागत नाही. तरी त्यातली ‘म्हणणं मांडू द्यायचं’ ही एक ओळ मी पाचव्या माळेच्या संध्याकाळी पाळली असती तर त्याने विचारलेला प्रश्न आणि मी दिलेलं चुकीचं उत्तर सर्वांसमोर आलं असतं.

जर्मनीत राहणाऱ्या माझ्या भाचीला मी हे फोनवर सांगत होते. तिने तिथे पोहोचल्यावर घेतलेल्या पहिल्या काही गोष्टींत एक विमा होता, ‘हाफ्टफ्लिश्ट’. आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर तो भरून देतो, आणि तिथे बहुतेक घरांत तो असतो. तिथल्या कामगार न्यायालयांनी नोकरदारासाठी पायऱ्याही ठरवल्या आहेत. किरकोळ हयगय झाली तर कामगार काही देणं लागत नाही. मधली हयगय असेल तर मालक आणि कामगार वाटून घेतात. हलगर्जी अगदी टोकाची असेल तरच बहुतेक भार कामगारावर. १९९४ साली तिथल्या सर्वोच्च कामगार न्यायालयाने हा नियम सगळ्याच प्रकारच्या कामांना लागू केला. काम मालकाच्या फायद्यासाठी चाललेलं असतं आणि रोज हजार वेळा हात फिरवणाऱ्याचा हात कधीतरी चुकणार, हे गृहीत धरून केलेला तो नियम आहे.

आपल्या मजुराकडे कसला विमा असतो? मी अड्ड्यावर विचारलं तेव्हा तिघा-चौघांनी बँकेच्या पुस्तकातली नोंद दाखवली. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना, वर्षाला २० रुपये. २०१५मध्ये सुरू झाली तेव्हा १२ होते, जून २०२२पासून २० झाले. अपघाती मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर २ लाख. चांगली योजना आहे आणि ज्याच्याकडे नसेल त्याने आजच घ्यावी. पण ती त्याच्या जिवाची आहे. त्याच्या हातून दुसऱ्याचं काही मोडलं तर तिच्यातून एक रुपया निघत नाही. मोठ्या बांधकामावर कंत्राटदार ‘ऑल रिस्क’ पॉलिसी घेतो, तिच्यात त्रयस्थाच्या नुकसानीचा भाग असतो. अड्ड्यावरच्या एकट्या माणसाच्या हातात मला तसं काही दिसलं नाही.

बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाचं दारही त्याला सहजी उघडत नाही. नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. रोज वेगळ्या दारात राबणाऱ्याला तो दाखला कोण देणार? ९० घरमालकांपैकी कोणालाच त्याचं नाव माहीत नाही. शिवाय स्वतःच्या राहण्यासाठी चाललेलं १० लाखांपर्यंतचं खासगी घरकाम १९९६च्या बांधकाम कामगार कायद्याने सरळ वगळलेलंच होतं. याच राज्याने १९६९ साली माथाडी कायदा करून दाखवला होता. पाठीवर ओझं वाहणाऱ्या, आज या पेढीवर तर उद्या त्या पेढीवर राबणाऱ्या हमालांसाठी मंडळं झाली. मालकाने मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची, कामगाराची नोंद मंडळाकडे राहायची. मालक रोज बदलतो म्हणून कामगार बेवारस राहू नये, ही त्यातली दृष्टी अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीने मिळवलेली. अड्ड्यावरच्या मजुराचा मालकही रोजच बदलतो. त्याच्यासाठी तसं मंडळ असतं आणि लेव्हीतला एखादा रुपया नुकसानीच्या विम्यात गेला असता, तर माझ्या जिन्यात त्या संध्याकाळी मशीन जप्त करायची भाषा झाली नसती, असं मला मनापासून वाटतं.

ॲपवरून माणूस बोलावला तर कंपनी काही मर्यादेपर्यंत नुकसान भरून देण्याचं आश्वासन देते, अटींसह. तिथे ग्राहक संरक्षण कायद्याचा रस्ताही असतो. दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात तक्रारीला शुल्क नाही. त्या माणसाने मांडणी बसवायला बाराशे घेतले असते. मी अड्ड्यावर गेले ते ६०० वाचवायला. म्हणजे तो धोका मी स्वतःच्या अंगावर घेतला होता, फक्त घेताना तसं स्वतःशी म्हटलं नव्हतं. हे पटल्यावर माझ्यापुरता ३५,५००चा प्रश्न सुटला.

घराच्या विम्याची चौकशी मी नंतर केली. एप्रिल २०२१पासून सगळ्या साधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी द्यावी लागते. आग, पूर, भूकंप, वादळ यांच्याबरोबर पाण्याच्या टाक्या आणि नळ फुटून झालेलं नुकसानही तिच्यात आहे. ड्रिलने पडलेल्या भोकाला कंपनी ‘नळ फुटणं’ म्हणेल का, हे पॉलिसी घेतानाच विचारून लेखी घ्यावं. माझ्याकडे पॉलिसीच नव्हती.

तो नवव्या माळेला स्वतःहून आला. अड्ड्यावर कोणीतरी सांगितलं होतं की ती ताई तुला शोधतेय, आणि ते ऐकून तो दोन दिवस अड्डा बदलून हडपसरला उभा राहिला होता. मग आला. बरोबर एक गवंडी, त्याच्याच गावचा. दारातच म्हणाला, ‘‘खालच्यांचं छत आम्ही करून देतो. मजुरी घेणार न्हाई. सामानाचं तेवढं बघा.’’

मी आधी त्याच्या हातात ६०० ठेवले. त्याने घेतले, मोजले नाहीत. मग आम्ही तिघं खाली गेलो. काकांनी चहा सांगितला आणि आम्ही टेबलाशी बसून कागदावर लिहून काढलं : काय काय बिघडलं, त्यातलं जुनं किती होतं, सामान किती लागेल, कोण काय देणार. कपाट चौदा वर्षांचं होतं, काकांनीच ९,०००चे ५,००० केले. पीओपीचं सामान आणि रंग माझा. छताचं काम हे दोघं करणार. गवंड्याची मजुरी मी देणार, कारण त्याने काहीच मोडलं नव्हतं. उरला हा. त्याच्या दोन दिवसांच्या मजुरीवरून आमची खरोखर वादावादी झाली. तो घेईना. मला ते फुकटचं काम वाटत होतं आणि मला ते नको होतं. शेवटी काकू म्हणाल्या, ‘‘अगं, त्याला काहीतरी देऊ दे की.’’ त्या दोन दिवसांपैकी एका दिवसाची मजुरी त्याने घेतली, एका दिवसाची नाही. हे बरोबर झालं की नाही, माझं अजून ठरलेलं नाही. त्याचं आणि काकूंचं ठरलेलं दिसलं. कागदावर चौघांनी सह्या केल्या आणि मी त्याचा फोटो काढून सगळ्यांना पाठवला. सोसायटीने गच्चीची किल्ली जिन्यातल्या काचेच्या पेटीत ठेवायचं ठरवलं, आणि मी जाम कॉक बदलून घेतला. ३८० रुपयांचा.

अल्बमचं काकूंनी स्वतःच केलं. ओले फोटो एकमेकांपासून ओढून काढले की वरचा थर निघून येतो, म्हणून त्यांनी अख्खी पानं परातीत स्वच्छ पाण्यात ठेवली, फोटो आपापले सुटू दिले आणि दोरीवर चिमट्यांनी टांगले. छताचं काम चालू असताना शेजारच्या खोलीत ती दोरी होती. जेवणाच्या सुट्टीत तो दारात उभा राहून बघत होता. एका फोटोत मुंडावळ्या बांधलेले काका. ‘‘हे साहेब हायत व्हय?’’ त्याने विचारलं. काकू त्याला एकेक फोटो दाखवत गेल्या. अकरा फोटो वाचले नाहीत. एकोणतीस वाचले.

शेवटच्या दिवशी तो वर आला. माझी टाइल बसवायची राहिली होती, भिंत अजून उघडी होती, आत नळी दिसत होती. त्याने माझ्याकडून फूटपट्टी मागून घेतली. जमिनीपासून नळी किती उंचीवर, कोपऱ्यापासून किती आत, कुठे वळते, हे सगळं मोजून त्याने बेडरूमच्या बाजूने भिंतीवर पेन्सिलीने रेघ ओढली आणि आकडे लिहिले. ‘‘आता फोटू काढा,’’ म्हणाला. ‘‘रंग दिला की दिसणार न्हाई.’’ मी काढला. मग त्याने मांडणी बसवली, रेघेच्या हातभर उजवीकडे.

या वर्षी रंग नव्हता, पण न्हाणीघरात आरसा लावायचा होता. मी त्यालाच फोन केला. तो आला, पिशवी खाली ठेवली, मशीन अजून बाहेरही काढलं नव्हतं. ‘‘ताई,’’ म्हणाला, ‘‘तो फोटू हाय ना?’’